बिल्ल्यावरचं कुंकू

१

पेटी रिकामी होती. दोन्ही कुलपं शाबूत होती, ती ठेवायच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण जागच्या जागी होतं, आणि दोघांनाही उचलायला जड जाईल अशा त्या शिशाच्या पेटीत असायला हवी ती वीतभर तार तेवढी नव्हती.

कराडच्या बाहेर, हायवेला लागून, धरणाच्या कामाचे मोठे पाइप जोडणारा एक कारखाना होता. त्याचं नाव सांगत नाही. पाइपाचा जोड आतून पक्का आहे की नाही हे बघायला, हाडाचा फोटो काढतात तसा जोडाचा फोटो काढतात. ही तार त्यासाठी. तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं इरिडियम असतं. त्यातून निघणारे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चटकाही लगेच बसत नाही. अशी तार खिशात घालून कुणी फिरला तर पाच-सहा दिवसांनी त्याची मांडी लाल होते, आणि पुढचं मी इथं लिहीत नाही. कारखान्यात तिला सगळे ‘सोर्स’ म्हणत.

मी मुंबईहून गेलो होतो. किरणांपासून माणसं सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासणं ही माझी नोकरी. नाव नाथाजी कोळेकर, गाव कवठे महांकाळकडचं, घरात सात पिढ्या मेंढरं. साल चौऱ्याहत्तर, दसऱ्यानंतरचा चौथा दिवस. त्याच वर्षी मे महिन्यात पोखरणला स्फोट झाला होता आणि तेव्हापासून अणूशी लांबचा संबंध असलेल्या माणसालाही लोक जावयासारखं वागवत. मला ते आवडत असे. हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं कबूल करण्यासारखं बरंच आहे.

पेटीत दोन भोकं होती. डाव्यात खरी तार राहायची आणि उजव्यात नकली, नव्या माणसांचा हात बसवायला. दोन्ही भोकं रिकामी होती.

“चोर बाहेर बसलाय,” मॅनेजर म्हणाले. “तुम्ही फक्त त्याच्याकडून जागा काढून घ्या. दुपारी पोलिस येतायत.”

व्हरांड्यातल्या बाकावर एक मिशाळ म्हातारा ताठ बसला होता. त्याची टोपी आणि काठी काढून घेतली होती.

२

हा सयाजी, कारखान्याचा पहारेकरी. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. नियम असा होता की खड्ड्याला दोन कुलपं, एक किल्ली सयाजीकडं, दुसरी फोटो काढणाऱ्या दादासोकडं. दोघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही आणि रोज संध्याकाळी मीटर लावून तार आत असल्याची खात्री करून दोघांनी वहीत सही करायची. कुलपं फोडलेली नव्हती, म्हणजे किल्लीनं उघडली होती. दादासो पाटलाचा मुलगा, डिप्लोमा झालेला. मग उरला कोण, असा मॅनेजरांचा हिशेब होता.

“किल्ली कुठं असते तुमची?” मी विचारलं.

“करगोट्याला.”

“कुणाला दिली होती?”

म्हातारा समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. “न्हाई.”

“सयाजीराव, ही तार कुणाच्या तरी घरात असेल. तिथं पोरंबाळं असतील.”

त्यानं मान फिरवली. मला त्याचा राग आला. शेतकऱ्याचं एकवेळ कळतं, पण पलटणीत गेलेल्या माणसानं असं गप्प बसावं?

एक गोष्ट मात्र खटकत होती. तार चोरणाऱ्याला तिची किंमत कळत असली तर तिचा धोकाही कळणार, आणि तो पेटीसकट नेणार. धोका कळत नसला तर पेटीतलं शिसं नेणार, भंगारात विकायला. हा कसला चोर, ज्यानं शिसं टाकलं, नकली तारही उचलली आणि जाताना दोन्ही कुलपं पुन्हा लावली?

दादासोनं मला चहा आणून दिला. तिशीचा, देखणा, नेहमी हसतमुख असणारा गडी. आज चेहरा उतरला होता.

“साहेब, सयाजी चोर न्हाई,” तो म्हणाला. “पण मग कोन त्ये मला सांगता येत न्हाई.”

त्यानं कप डाव्या हातानं दिला होता. आमच्याकडं पाहुण्याला डाव्या हातानं पाणीसुद्धा देत नाहीत. मी कप घेतला, आणि त्याच वेळी वही घेऊन विजयमालाबाई आत आल्यामुळं ते मनात मागं पडलं.

३

विजयमालाबाई ऑफिस सांभाळत आणि डार्करूमही सांभाळत. कारखान्यात मोजकं बोलणारं माणूस हेच एक. त्यांनी वही माझ्यापुढं उघडली आणि बाजूला उभ्या राहिल्या.

रोजची तारीख, मीटरचा आकडा, दोन सह्या. आकडा चार. परवा चार, दसऱ्याला चार, गणपतीत चार, नागपंचमीला चार. मी पानं मागं उलटत आषाढापर्यंत गेलो. तिथंही चार.

इरिडियमचा जोर अडीच महिन्यांत निम्म्यावर येतो. ज्यानं आषाढात चार मोजले त्याला दसऱ्याला दोनसुद्धा दिसायला नकोत. म्हणजे तीन महिने कुणी मीटर लावलंच नव्हतं, वरचा आकडा खाली उतरवला होता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, अशी गत.

“मीटरमधले सेल आषाढातच संपले,” विजयमालाबाई म्हणाल्या. “मी दोनदा लिहून दिलं होतं.”

“आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?”

“तुम्हीच आला होता की तेव्हा, साहेब.”

त्यांनी बोट ठेवलं त्या पानावर आषाढातल्या एका चारच्या खाली माझी सही होती. ‘तपासले. समाधानकारक.’ त्या दिवशी दादासोच्या घरी मटणाचं जेवण होतं. तांबडा रस्सा, भाकरी, आणि गावाकडचा माणूस म्हणून आग्रह. जेवून आल्यावर मी ऑफिसात खुर्चीवर बसून वहीवर सही केली होती. खड्ड्यापर्यंत चाळीस पावलं होती, तीही मी चाललो नव्हतो.

माझे कान तापले. पण बाईंचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी वहीत ठेवलेला एक कागद काढला. बिल्ल्यांची यादी होती ती. खड्ड्याजवळ काम करणाऱ्या प्रत्येकानं छातीवर एक बिल्ला लावायचा, त्यात फोटोच्या फिल्मचा तुकडा असतो. अंगावर किती किरण पडले ते त्या फिल्मच्या काळेपणावरून कळतं. यादीत चार नावं होती. चौथं नाव शालूबाई, खड्ड्याची खोली झाडणारी. त्या नावावर शाईची आडवी रेघ होती आणि रेघेशेजारी माझी आद्याक्षरं.

“तुम्ही म्हणाला होता, झाडूवालीला बिल्ला कशाला,” विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

४

बिल्ले मुंबईला पाठवून धुवून घ्यायचे असतात, पण तेवढा वेळ नव्हता. डार्करूम होतीच. विजयमालाबाईंनी तिन्ही फिल्म धुतल्या आणि ओल्या असतानाच दिव्यापुढं धरल्या.

बाईंची फिल्म किंचित करडी होती, जशी असायला हवी तशी. दादासोची फिल्म काचेसारखी स्वच्छ होती. रोज तार हाताळणाऱ्या माणसाची फिल्म स्वच्छ असणं म्हणजे कोळशाच्या वखारीतून पांढरं धोतर नेसून येणं.

“ते लावतच नाहीत,” बाई म्हणाल्या. “खुंटीला असतो. म्हणतात, बिल्ला हमालानं आणि शिपायानं लावायचा, पाटलाच्या छातीवर कशाला.”

तिसरी फिल्म सयाजीची होती. ती काळी ठिक्कर होती.

व्हरांड्यात ही बातमी कशी गेली देव जाणे. मॅनेजर आत येऊन म्हणाले, “बघा! मी काय सांगत होतो? त्याच्याच अंगावर होती.”

मीही क्षणभर तेच समजलो. पण फिल्मवर एक गोष्ट होती. बिल्ल्याच्या डबीत तांब्याचे आणि शिशाचे छोटे पत्रे बसवलेले असतात, त्यांची सावली फिल्मवर उमटते. माणूस चालतो, वाकतो, वळतो, त्यामुळं ती सावली नेहमी फिसकटलेली येते, हललेल्या फोटोसारखी. सयाजीच्या फिल्मवर पत्र्यांच्या कडा सुरीनं कापल्यासारख्या होत्या. हा बिल्ला काळा झाला तेव्हा कुणाच्या छातीवर नव्हता. तो एका जागी, न हलता, तासन् तास तारेशेजारी पडून होता.

मी रिकामी डबी उलटीपालटी करून पाहिली. तिच्या खाचेत लाल काहीतरी बसलं होतं. नखानं काढून बोटावर घेतलं तर ते कुंकू निघालं.

मी बाहेर जाऊन सयाजीपुढं उकिडवा बसलो. “हवालदार, बिल्ला अंगावरून कधी काढला होता?”

“कवाच न्हाई. सरकारनं दिल्याली चीज हाय.” मग म्हणाला, “खंडेनवमीला तेवडा. पलटनीची मेडलं पूजेत ठिवतो, त्यांच्यासंगं ठिवला. समद्यांनीच आपापली हत्यारं मांडली हुती. पाने, हातोडे, ग्राइंडर. दसऱ्याला शिलंगण झाल्यावर उचलला.”

खंडेनवमीला हत्यार पूजेत ठेवलं की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. दीड दिवस काही हलत नाही.

म्हणजे तार चोरीला गेली नव्हती. तिला हळदकुंकू वाहिलं होतं.

५

“दादासो,” मी म्हणालो, “उजवा हात दाखवा.”

तो दारात उभा होता. हसायचा प्रयत्न करून त्यानं हात पाठीमागं नेला. मी तसाच हात पुढं करून थांबलो. अखेर त्यानं हाताला गुंडाळलेला रुमाल सोडला. अंगठा आणि पहिली दोन बोटं लाल होऊन सुजली होती, कातडी ताणून चमकत होती.

“खरी तार कुणी शहाणा हातात धरत नाही,” मी म्हणालो. “तुम्ही धरलीत, कारण तुम्हाला ती नकली वाटली.”

तो उंबऱ्यावर बसला.

“बंद पेटीची पूजा कशी करायची, साहेब? देवाला हत्यार दिसाय पायजे. खरी तर काढता येत न्हाई, म्हनून म्हटलं नकली ठेवू. आदल्या दिवशी दुपारी एका नव्या गड्याला शिकवत हुतो, दोनीबी तारा भाईर हुत्या. सनाची घाई. ठेवताना अदलाबदल झाली असनार.”

“मीटर लावलं असतं तर ओरडलं असतं.”

“सेल न्हवतं.”

“सयाजी शेजारी असता तर त्यानं बघितलं असतं.”

बाकावरून सयाजीच बोलला.

“किल्ली म्याच दिल्याली, साहेब. तीन वर्सं झाली, दोनी किल्ल्या त्येच्याकडंच हायत. करगोट्याला हाय ती माज्या पेटाऱ्याची.” म्हातारा उभा राहिला. “ह्येचा बा आकाराम सुभेदार. माजा सुभेदार. सुभेदाराच्या पोरावर म्या पारा ठिवायचा व्हय? ‘मोज बरं माज्यासमोर’ असं कुठल्या तोंडानं म्हनू? त्यो म्हनायचा ठीक हाय, म्या सही करायचो.”

“आणि त्यानं चोरी झाली म्हटल्यावर? तुम्हाला बाकावर बसवल्यावर?”

“सुभेदाराचं नाव गेलं असतं.”

दादासोनं गुडघ्यात डोकं घातलं. दसऱ्याला पूजेतली तार दिसेना, तेव्हा नकलीच तर होती म्हणून त्यानं सोडून दिलं. सुट्टी संपून काम सुरू केल्यावर फोटोची फिल्म कोरी आली तेव्हा त्याला उमगलं की पेटीत राहिलीय ती नकली. ती त्यानं कोयनेत फेकली आणि चोरीची ओरड केली. एक दिवस असा गेला होता. बोटं त्याला सांगत होती तरी तो गप्प होता.

माझ्या तोंडावर शिवी आली होती. पण वहीतला तो चार आठवला आणि ती मी गिळली.

“पूजा कुणी उठवली?” मी विचारलं.

उत्तर विजयमालाबाईंनी दिलं. “शालूबाईनं. घटाचं धान घेऊन ती दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला गेली, लेकीकडं. काल यायला हवी होती. निरोप आलाय, उलट्या होतायत म्हणून.”

६

जीपमध्ये मी, दादासो, सयाजी आणि मागं शिशाची पेटी. माझं मीटर मांडीवर होतं. पेठ, इस्लामपूर, आष्टा. दोन्ही बाजूला ऊस, मध्ये गुऱ्हाळांचा धूर. मी शालूबाईचा चेहरा आठवत होतो आणि तो मला आठवत नव्हता. आषाढात तिनंच मला हात धुवायला पाणी दिलं होतं एवढं आठवत होतं.

सांगलीत हळदीच्या वखारींच्या मागच्या गल्लीत जीप वळली आणि मीटर टिकटिकायला लागलं. लेकीचं घर म्हणजे एक खोली आणि बाहेर जाड भिंतीआड पडवी. खोलीच्या दाराशी मीटरचा काटा शेवटाला जाऊन टेकला.

लेक रंगुबाई पडवीत घोंगड्यावर बसली होती. “आई आत हाय,” ती म्हणाली. “मी आत जात न्हाई, मी चार दिस भाईर हाय. आईनं देवाचं धान आणलंय, त्येला माजी शिवाशिव नगं म्हनली. शेजारीन पानी देती तिला.”

ज्या दिवशी आई आली त्याच दिवशी लेक बाहेर बसली होती. पंधरा इंची मातीची भिंत आणि सहा-सात हातांचं अंतर यांनी तिला वाचवलं. या रूढीची मी कधी तरफदारी केली नाही आणि करणारही नाही. पण या साऱ्या प्रकरणात अगदी अक्षराला धरून पाळला गेलेला नियम हा एकच होता, आणि तो आमच्यापैकी कुणाचा नव्हता.

दारातून शालूबाई दिसली. भिंतीकडं तोंड करून निजली होती. उशाशी पाटावर फडक्यात हिरवी-पिवळी धानाची जुडी ठेवली होती, आणि ती जुडी तारेनं बांधली होती. सुतळी मिळाली नसेल, पूजेतली तार हाताशी दिसली असेल. वीतभर चांगली लवचीक तार, कुणीही बांधली असती.

“मी काढतो,” दादासो म्हणाला. “माजी चूक हाय.”

“तुमच्या हातात चिमटा धरवणार नाही.” मी चिमटा घेतला. “हवालदार, मोजा. तीस झाले की मला बाहेर काढायचं.”

सयाजीनं कवायतीच्या आवाजात मोजायला सुरुवात केली. मी आत गेलो, चिमट्यानं जुडीसकट तार उचलली आणि उंबऱ्याशी ठेवलेल्या पेटीत सोडली. एकवीसला झाकण लागलं. मीटरचा काटा खाली आला आणि मी भिंतीला टेकलो.

“पुन्ना लावा मीटर,” सयाजी म्हणाला.

“उतरलाय की काटा.”

“म्या बघितलं न्हाई, साहेब. म्या बघितल्याबिगर सही करनार न्हाई.”

मी मीटर पुन्हा लावलं. त्यानं वाकून, डोळे बारीक करून काटा पाहिला, स्वतःच्या तोंडानं आकडा म्हटला, आणि मग खाली वाकून शालूबाईला उचलायला आत गेला.

७

सोर्स जुना होता, जोर उतरलेला होता, म्हणून ती जगली. बसमध्ये जुडी ओटीत घेऊन ती अडीच तास बसली होती. कमरेवर तळहाताएवढी जखम झाली, ती वर्षभर भरली नाही. दादासोची दोन बोटं गेली, नोकरीही गेली. सयाजीला टोपी-काठी परत मिळाली. मी रिपोर्ट लिहिला. त्यात दोन किल्ल्या एका हातात कशा गेल्या, आकडा चार कसा चालत राहिला, सगळं लिहिलं. न तपासता सही करणारा तपासनीस म्हणून माझं नाव लिहिलं, यादीतल्या रेघेचंही लिहिलं. मला ताकीद मिळाली, दोन वर्षं बढती अडली. वरिष्ठ म्हणाले, प्रामाणिक रिपोर्ट आहे. तो इंग्रजीत होता.

दिवाळीनंतर मी सांगलीच्या दवाखान्यात शालूबाईला भेटायला गेलो. सगळं तिला तिच्या भाषेत सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. जीपमध्ये वाक्यं जुळवली होती. मावशी, तुमचं नाव मी खोडलं. मावशी, मी खड्ड्यापर्यंत गेलोच नाही.

खाटेशी रंगुबाई होती, डॉक्टर होते, दोन नर्स होत्या. मला बघितल्यावर शालूबाई कशीबशी उठून बसली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि एवढ्या माणसांसमोर माझ्यापुढं हात जोडले.

“सायब,” ती म्हणाली, “म्या कुनाला न इचारता तार उचलली. कारखान्याची हुती. माज्यापायी समद्यांना तरास झाला. दादासोची बोटं गेली. तेवडी माफी करा.”

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. रंगुबाई बघत होती. जुळवलेली वाक्यं तोंडाशी आली होती, आणि एवढ्या लोकांत साहेबानं झाडूवालीपुढं हात कसे जोडायचे ते मला सुधरेना. मेंढक्याच्या पोराला सुधरेना.

“असू द्या,” मी म्हणालो.

एवढ्या साऱ्या माणसांत माफी तिनं एकटीनं मागितली, आणि ती मी दिली.